एक वर्षाचा डिप्लोमा की तीन वर्षांचं बी.व्होक.?

प्रश्न थोडक्यात असा: सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंच्या मुलाची बारावी झाली आहे आणि त्याला ग्राफिक डिझाइन शिकायचंय. पुण्याच्या खासगी संस्थेत एक वर्षाचा डिप्लोमा आहे, फी १,८०,००० अधिक जीएसटी, 'बिनव्याजी' हप्त्यांत. घराजवळच्या कॉलेजात बी.व्होक. ही तीन वर्षांची व्यावसायिक पदवी आहे, फी वर्षाला २५,०००. घरात येतात महिना ३२,०००, खर्च होतात २२,०००. एफडी ३ लाखांची.

ताई, आधी पुण्याचा हिशेब पूर्ण मांडू. १८ टक्के जीएसटी धरून फी २,१२,४००. राहणं-जेवण महिना १०,००० म्हटलं तर वर्षाचे १,२०,०००. लॅपटॉप ७०,०००. एकूण ४,०२,४००. वर्षभरात तुमच्या हातात उरणार १,२०,०००, म्हणजे २,८२,४०० एफडीतूनच जाणार. मागे शिल्लक १७,६००. घरात एक आजारपण आलं की उसनवारी सुरू.

हप्ता बिनव्याजी असला तरी ते कर्जच. संस्थेला फी फायनान्स कंपनी देते, तुम्ही कंपनीचे कर्जदार होता. दोन महिन्यांत मुलाचं मन उडालं तरी १७,७०० चा हप्ता थांबत नाही. परतावा संस्थेकडे मागत बसायचं आणि चुकलेला हप्ता तुमच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर. 'कर्जावर करसवलत मिळते' असंही तुम्हाला सांगितलंय. शैक्षणिक कर्जाची ती सवलत फक्त व्याजावर आणि फक्त जुन्या करप्रणालीत. इथे व्याज नाही, आणि वर्षाला ३,८४,००० पगारावर मुळात करच लागत नाही. सोडून द्या.

माझा कौल बी.व्होक.ला. सहा महिन्यांचा खर्च, १,३२,०००, एफडीत तसाच राहू द्या. उरलेल्या १,६८,००० मधून लॅपटॉप आणि पहिल्या वर्षाची फी मिळून ९५,००० घ्या. पुढच्या दोन वर्षांची फी महिन्याच्या शिल्लकीतून सहज निघेल. एफडी चार-सहा महिन्यांत पिकणार असेल तर मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. व्याज साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतं. मुदत लांब असेल तर लागेल तेवढीच रक्कम मोडता येते का ते बँकेत विचारा.

लॅपटॉपवर मात्र काटकसर नको. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि शंभर टक्के एसआरजीबीचा, म्हणजे नेहमीच्या रंगपट्ट्यातले सगळे रंग दाखवणारा स्क्रीन. स्वस्त स्क्रीनवर रंग फिके दिसतात, मुलगा ते गडद करत बसतो आणि छापून भलतंच येतं. सॉफ्टवेअर पहिल्या वर्षी विकत नको: सरावाला इंकस्केप, क्रिता फुकट आहेत, इलस्ट्रेटर आणि कोरलड्रॉ कॉलेजच्या लॅबमध्ये. किती विद्यार्थ्यांमागे किती मशीन, हे प्रवेशाआधी स्वतः जाऊन मोजा.

या मार्गाची उणीवही सांगते. कॉलेजात छपाईची प्रत्यक्ष सवय कमी लागते. म्हणून दुसऱ्या सत्रापासून त्याला दुपारी एखाद्या छापखान्यात बसू द्या, पगार नाही मिळाला तरी. तीन मिलिमीटर ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेलं चित्र) सोडला नाही म्हणून कडेला पांढरी रेघ, आरजीबी म्हणजे स्क्रीनच्या रंगांतली फाइल तशीच छपाईला पाठवल्याने मळकट झालेला निळा, अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे आकृतीत, न बदलल्याने श्रीलिपी फाँटातल्या लग्नपत्रिकेचा झालेला गोंधळ: या चुका टाळणं तिथे महिन्याभरात अंगवळणी पडतं, आणि पोर्टफोलिओत, म्हणजे दाखवायच्या कामांच्या संग्रहात, खरी छापलेली कामं येतात.

पुण्याचा विचार मी एकाच स्थितीत करीन. मागच्या तुकडीतल्या पाच मुलांचे पोर्टफोलिओ आणि नेमणूकपत्रं संस्थेने दाखवली पाहिजेत. 'शंभर टक्के प्लेसमेंट'चा फलक पुरत नाही. करारात बहुतेकदा फक्त 'साहाय्य' असं लिहिलेलं असतं. शिवाय कोर्स सोडल्यास किती फी परत, किती दिवसांत, हे लेटरहेडवर लिहून घ्या. ते देईपर्यंत टोकनचे पैसेही भरू नका.