स्कॉटलंडमध्ये एखादा जुना वाडा पाहायचा तर कोणता? त्याच्या मालकांची गोष्टही सांगाल का?

तिकडे किल्ले पायलीला पन्नास. पण तुम्ही वाडा विचारलात, म्हणून माझं उत्तर ट्रॅक्वेअर. एडिंबरोच्या दक्षिणेला, इनरलीदन गावाजवळ.

१४९१ पासून तो स्ट्युअर्ट घराण्याकडे आहे. पहिला मालक जेम्स १५१३ साली इंग्रजांविरुद्धच्या फ्लॉडनच्या लढाईत पडला. पुढे देश प्रॉटेस्टंट झाला तरी हे लोक कॅथलिक राहिले आणि राज्य गमावलेल्या स्ट्युअर्ट राजांच्या बाजूनेही राहिले. म्हणजे पैज नेहमी हरणाऱ्या घोड्यावर! घराण्यातला पाचवा अर्ल, म्हणजे उमराव, तर त्यापायी लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता. दंड आणि तुरुंग यांतून पैसा उरलाच नाही आणि माझ्या मते वाडा वाचला तो यामुळेच. बाकीच्या उमरावांनी जुनी घरं पाडून नवे महाल उठवले. इथे १७०० नंतर फारसं काही बांधलंच नाही. भिंती जाड, खिडक्या बारक्या. वरच्या मजल्यावर पाद्र्याची खोली आणि तिथून निसटायला चोरजिना. १५६६ मध्ये स्कॉटलंडची राणी मेरी इथे आली होती. तिच्या मुलाचा लाकडी पाळणाही ठेवलाय.

शेवटचा अर्ल १८६१ मध्ये अविवाहितच वारला. बहीण लुइझा शंभरीला टेकून १८७५ मध्ये गेली. मग वाडा नात्यातल्या मॅक्सवेलकडे आला आणि त्याने स्ट्युअर्ट आडनाव लावलं. आपल्याकडच्या दत्तकासारखंच म्हणा ना. त्यांचेच वंशज आज तिथे राहतात. १९६५ साली वाड्यातली जुनी बिअरची भट्टी त्यांनी पुन्हा पेटवली. ती बिअर घ्याच.

मी आईला घेऊन गेलो होतो. तिला आवडलं ते अस्वलांचं फाटक. खांबांवर दोन दगडी अस्वलं, मध्ये बंद लोखंडी दारं आणि पलीकडे वाड्यापर्यंत नुसतं गवत. १७४५ मध्ये राज्य परत मिळवायला आलेला स्ट्युअर्ट राजपुत्र प्रिन्स चार्ली इथून निघाला, तेव्हा अर्लने फाटक लावलं आणि स्ट्युअर्ट राजा गादीवर बसेपर्यंत ते उघडणार नाही अशी शपथ घेतली, असं सांगतात. दुसरी कथा अशी की बायको वारली म्हणून सातव्या अर्लने ते बंद केलं. गावकरी आपले नुसतं ‘बंद फाटक’ म्हणतात.

आईने विचारलं, “मग हे लोक येतात-जातात कुठून?”

बाजूच्या रस्त्याने. पावणेतीनशे वर्षं झाली, बाजूच्याच रस्त्याने.