उसाच्या वाढ्यावरच्या गाईला मिनरल मिक्स्चर लागू का पडत नाही?

दादा, तुम्ही विचारलंय: दिवसाला 16 लिटर दूध देणारी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय, रोज 50 ग्रॅम मिक्स्चर, तरी दावं चघळते, माती चाटते, माज दाखवत नाही. आणि दुकानदार म्हणतो आता चिलेटेड (सेंद्रिय रेणूला बांधलेल्या खनिजांची) पावडर घ्या. पैसे घालण्याआधी गव्हाणीत काय पडतंय ते बघा. तुम्हीच लिहिलंय, ऊसतोड सुरू झाल्यापासून नुसती वाढी, म्हणजे उसाचे शेंडे, चालू आहेत. कराडपासून वाळव्यापर्यंत हंगामात हेच चित्र.

वाढ्यात ऑक्झलेट असतं. ते कॅल्शियमला धरतं आणि शेणावाटे बाहेर नेतं. कोठीपोटातले जंतू थोडं ऑक्झलेट फोडतात, पण त्यांना सवय लागावी लागते. एकदम वाढ्यावर आणलेल्या गाईला जास्त बाधतं. आता हिशोब करा. दुधातून लिटरमागे साधारण 1.2 ग्रॅम कॅल्शियम जातं, म्हणजे रोज 19 ग्रॅम. पिशवीवर कॅल्शियम 20 टक्के असेल तर 50 ग्रॅममधून मिळतं 10 ग्रॅम, त्यातलंही सगळं अंगी लागत नाही. वाढी निम्म्यावर आणा, बाकी कडबा किंवा मक्याचा मुरघास द्या, मिक्स्चर 100 ग्रॅम करा. आणि ते पाण्यातून नको, भरड्यात कालवून वैरणीबरोबरच द्या, म्हणजे ऑक्झलेट आधी त्यातल्या कॅल्शियमला धरेल.

वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडतात, ते चांगलंच. पण लिटरभर निवळीत कॅल्शियम जेमतेम एक ग्रॅम उतरतं आणि फॉस्फरस शून्य. दावं चघळणं हे बहुतेक वेळा फॉस्फरसच्या कमतरतेचं लक्षण, आणि वाढ्यात तोही कमीच. गव्हाचा कोंडा वाढवा. कोंड्यातला फॉस्फरस कोंबडीला नीट पचत नाही म्हणून तिच्या खाद्यात फायटेज (तो फॉस्फरस मोकळा करणारं विकर) घालतात. गाईच्या पोटातले जंतू ते काम स्वतःच करतात, त्यामुळं त्यासाठी वेगळी पुडी घेऊ नका.

चिलेटेड पावडरीचा उपयोग तांबं, जस्त यांपुरता. बोअरच्या पाण्यानं हौदाला तांबूस थर बसत असेल तर त्यातलं लोह तांब्याच्या शोषणात आडवं येतं, तेव्हा विचार करा. कॅल्शियमसाठी कशाला?

एक मात्र सांभाळा. गाय आटवल्यावर, विशेषतः व्यायच्या आधीचे तीन आठवडे, कॅल्शियमचा मारा करू नका. आयतं मिळालं की हाडांतलं कॅल्शियम सोडवायची यंत्रणा सुस्तावते आणि व्याल्यावर गाय मिल्क फिव्हरनं (रक्तातलं कॅल्शियम घटून) बसते.

माजाचं फक्त मिनरलवर सोडू नका, डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घ्या.