माशाचं तेल तापवून पोट भरतं का?

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. मुलगी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माशाचं तेल किती उष्णता सोसतं, कधी पेट घेतं, हा विषय तिने प्रकल्पासाठी घेतलाय. ‘एवढं शिकून शेवटी वासाचं तेलच तापवायचं?’ हा तुमचा प्रश्न. वासाबद्दल माझा काही वाद नाही.

पण एक गंमत बघा. हे तेल भांड्यात तापवलं, तर त्याच्या वाफेने ज्योत धरायला पारा २०० अंश सेल्सिअसच्या बराच वर जावा लागतो. पेट्रोलपुढे अगदी गरीब. तेच तेल पुसलेल्या सुती चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला, तर ठिणगी नसतानाही काही तासांत पेटू शकतो. या तेलात डीएचए आणि ईपीए ही ओमेगा-३ मेदाम्लं असतात; डीएचएच्या रेणूत सहा दुहेरी बंध असतात, ईपीएच्या रेणूत पाच. अशा दोन दुहेरी बंधांच्या मधला हायड्रोजन सहज सुटतो, तिथे हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि उष्णता निघते. बोळ्याच्या पोटातून ती बाहेर पडत नाही. चिंधी दोरीवर पसरून टाकली, तर नुसती कडक होते. (तिने हे घरी करून बघू नये, हे आधीच सांगा.)

म्हणजे खरा प्रश्न तेलाचा नाहीच. उष्णता तयार किती वेगाने होते आणि निसटते किती वेगाने, हा आहे. कोळशाचा ढीग, लिथियमची बॅटरी, औषध कारखान्यातली रिअ‍ॅक्टर, सगळीकडे हाच हिशेब. स्थिरीकरण न केलेलं फिशमील, म्हणजे सुक्या माशांची भुकटी, याच कारणाने संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत १३७४ क्रमांकावर, आपोआप पेटणाऱ्या पदार्थांत बसतं. हा हिशेब जमणाऱ्यांना ‘प्रोसेस सेफ्टी’त, म्हणजे कारखान्यातल्या प्रक्रिया सुरक्षित ठेवण्याच्या क्षेत्रात, काम आहे. आगीची कारणं शोधणाऱ्या प्रयोगशाळांत आहे, धोकादायक मालाचं वर्गीकरण करणाऱ्यांकडे आहे. पूरक आहाराच्या कंपन्यांत पेरॉक्साइड व्हॅल्यू (तेल किती खवट होत चाललंय, त्याचा आकडा) काढायचं कामही मिळेल, पण नुसते नमुने लावून आकडे लिहायची नोकरी लवकर कंटाळवाणी होते. मी तिला तिथे थांबू देणार नाही.

मुलाखतीत मी असतो तर एकच विचारलं असतं: टीजीए यंत्रात, म्हणजे नमुना तापवत त्याचं वजन मोजत राहणाऱ्या यंत्रात, हवेत तापवताना, या तेलाचं वजन घटण्याआधी किंचित वाढतं, ते का? ऑक्सिजन शोषला जातो म्हणून. नायट्रोजनमध्ये ती वाढ दिसत नाही. आलेखातला तो छोटा उंचवटा ‘यंत्राची चूक’ म्हणून सोडून देणारी मुलं खूप. सोबत तिने अभिक्रियांचा वेग आणि उष्णतावहन हे दोन विषय नीट करावेत. रसायनवाले उष्णतावहनाला हात लावत नाहीत आणि तिथेच अडतात.

तुम्ही विषय बदलायला लावू नका. तिला मार्गदर्शकांना दोन गोष्टी विचारायला सांगा. यंत्र ती स्वतः चालवणार की नुसते आलेख हातात मिळणार? आणि तेल फक्त भांड्यात तपासणार, की एखाद्या तंतुमय पदार्थात मुरवून तारेच्या जाळीच्या घनाकृती डब्यातही? संयुक्त राष्ट्रांच्या चाचणीत असा १० सेंटीमीटरचा घन १४० अंशांच्या भट्टीत २४ तास ठेवतात आणि आतलं तापमान २०० अंश ओलांडतं का ते पाहतात. दुसरं उत्तर ‘फक्त भांड्यात’ असं आलं, तर ही चाचणी जोडून मिळेल का, ते आत्ताच विचारायला हवं, प्रकल्पाचा आराखडा मंजूर होण्याआधी.