लिनक्स टाकलं आणि स्क्रीन काळी: वाचकांचे प्रश्न

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून या कॉलमकडे लिनक्सचे, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमचे, आणि त्यातही मिंट या तिच्या प्रकाराचे प्रश्न जास्त यायला लागलेत, आणि त्यातले बरेच शेवटी एकाच जागी येऊन थांबतात: इन्स्टॉल झालं पण दिसत काही नाही, किंवा दिसतंय ते नीट नाही. म्हणून यावेळी फक्त डिस्प्लेचे प्रश्न घेतलेत. सगळी पत्रं नाशिक आणि आसपासची आहेत.

प्रश्न: दादा, माझा जुना असेंबल्ड पीसी आहे, थर्ड जनरेशन आय थ्री, ८ जीबी रॅम आणि एनव्हिडियाचं जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड. विंडोज ११ त्यावर चालत नाही म्हणून लिनक्स मिंट २२ टाकलं. पेनड्राइव्हवरून साधं चालू होईना, मग मेनूतला कंपॅटिबिलिटी मोड घेतला, त्यातून इन्स्टॉल एकदम व्यवस्थित झालं. पेनड्राइव्ह काढून रिस्टार्ट केलं तर मिंटचा लोगो येतो आणि मग काळी स्क्रीन, बस. परत सगळं फॉरमॅट करून टाकलं तरी तेच. दुकानवाले म्हणतात कार्ड उडालंय, नाहीतर विंडोजच टाकून घे. मला प्रोग्रामिंग शिकायचंय, काय करू? (सिडकोतला एक विद्यार्थी)

उत्तर: अरे मित्रा, आधी एक कर, तिसऱ्यांदा फॉरमॅट मारू नकोस. तुझं कार्ड बहुतेक उडालेलं नाही, पूर्ण उडालं असतं तर मिंटचा लोगोसुद्धा दिसला नसता. आणि तुझं इन्स्टॉलही बहुतेक बिघडलेलं नाही. काळी स्क्रीन बघितली की नव्या माणसाला वाटतं सगळंच गेलं, कारण विंडोजमधे स्क्रीन म्हणजेच कॉम्प्युटर अशी आपल्याला सवय असते. लिनक्समधे तसं नाही. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मधे सुरू केला तो कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणि त्याच्यावर खिडक्या दाखवणारी एक्स विंडो सिस्टिम ही त्याच्याही आधीची, १९८४ ला एमआयटीमधे सुरू झालेली वेगळीच गोष्ट. दोन्ही एकमेकांशिवाय चालू शकतात, म्हणजे वरचं चित्र अडकलं तरी खाली सिस्टिम मस्त जिवंत असते.

ते तपासायचं कसं, तर स्क्रीन काळी झाली की दोन मिनिटं थांब आणि कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघ. दिवा लागतोय, विझतोय? म्हणजे कर्नल जागा आहे. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ २ एकत्र दाब. पांढऱ्या अक्षरात लॉगिन असं आलं तर तिथे युजरनेम टाक, एंटर मार, मग पासवर्ड टाक. पासवर्ड टाकताना स्क्रीनवर काहीही उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत, त्यामुळे कीबोर्ड हँग झाला असं समजू नकोस, टाइप करत राहा आणि एंटर दे. आत गेलास की समज, तुझं इन्स्टॉल शंभर टक्के झालेलं आहे, फक्त चित्र दाखवणारा भाग अडकलाय. परत यायला कंट्रोल, ऑल्ट, एफ ७. आणि एफ २ वरही सगळं काळंच राहिलं तरी दिवा लागत असेल तर घाबरू नकोस, पुढचा उपाय तोच आहे.

आता का अडकलं ते समजून घे, कारण ते कळलं की उपाय पाठ करावा लागत नाही. कॉम्प्युटर चालू होताना आधी बायोस, म्हणजे मदरबोर्डमधला सुरुवातीचा प्रोग्राम, एक साधंसुधं रिझोल्यूशन लावून देतो, लोगो त्यावरच दिसतो. मग कर्नल ते काम स्वतःच्या हातात घेतो आणि कार्डाच्या ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामला, सांगतो की आता तू मॉनिटरचं रिझोल्यूशन लाव. याला मोडसेटिंग म्हणतात, २००९ पासून कर्नलमधे आहे. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी मिंटमधे सुरुवातीला नूवो नावाचा ड्रायव्हर येतो, तो लोकांनी कार्डाचा अभ्यास करून, कंपनीच्या कागदपत्रांशिवाय वर्षानुवर्षं खपून लिहिलेला आहे आणि मला त्या लोकांबद्दल फार आदर आहे, पण काही कार्डांवर तो नेमका याच क्षणी अडकतो. तू पेनड्राइव्हवर कंपॅटिबिलिटी मोड घेतलास तेव्हा तो टप्पा टाळला गेला होता. इन्स्टॉल झाल्यावर सिस्टिम नेहमीच्या पद्धतीने चालू व्हायला गेली आणि तिथेच अडकली. इतकंच झालंय.

तर पीसी चालू कर आणि ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा, मेनू आण. एकच सिस्टिम असेल तर तो लपलेला असतो, जुन्या बायोसमधे शिफ्ट दाबून धरायचं, यूईएफआय (बायोसचा नवा प्रकार) असेल तर एस्केप दाबायचं, पण एकदाच, सारखं सारखं दाबलं तर मेनूऐवजी ग्रबचा नुसता प्रॉम्प्ट येतो आणि अजून गोंधळ होतो. मेनूत लिनक्स मिंटच्या ओळीवर उभा राहा आणि कीबोर्डवरचं ई दाब. एक छोटा एडिटर उघडेल, त्यात लिनक्स या शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोध, तिच्या शेवटाकडे क्वाएट स्प्लॅश असे दोन शब्द असतील. ते दोन काढ आणि तिथे नोमोडसेट (nomodeset) लिही, इंग्रजीत, छोट्या अक्षरात, मधे स्पेस नाही. एफ १० दाब. डेस्कटॉप येईल, कदाचित मोठा मोठा आणि हळू चालणारा, त्याकडे आत्ता लक्ष देऊ नकोस.

इथे हा बदल फक्त त्या एका वेळेपुरता असतो, रिस्टार्ट केलं की पुसला जातो, आणि ते चांगलंच आहे. आत आल्यावर आधी इंटरनेट जोड, मोबाईलचं यूएसबी टेदरिंग केलंस तरी चालतं. मग टाइमशिफ्ट उघडून एक स्नॅपशॉट घे, म्हणजे पुढे काही बिघडलं तर मागे येता येईल. मग ड्रायव्हर मॅनेजर उघड. तुझ्या जीटी ७१० साठी एनव्हिडियाचा ४७० नंबरचा ड्रायव्हर लागतो, कारण ते कार्ड केप्लर पिढीचं आहे आणि त्यापुढच्या ड्रायव्हरमधून ती पिढी काढून टाकलीय. तो निवड, अप्लाय कर, पूर्ण होऊ दे, रिस्टार्ट. यावेळी ग्रबमधे काही बदलायचं नाही.

एनव्हिडियाच्या साइटवरून फाइल डाउनलोड करून चालवायचा सल्ला तुला कुणीतरी नक्की देईल. तो ऐकू नकोस. तसं टाकलेलं ड्रायव्हर कर्नल अपडेट झाला की तुटू शकतं आणि मग परत काळी स्क्रीन, ड्रायव्हर मॅनेजरमधून टाकलेलं मात्र कर्नलबरोबर आपोआप परत तयार होतं. आणि ज्यांच्या मशीनमधे सिक्युअर बूट (ओळख नसलेला ड्रायव्हर अडवणारी सुरक्षा) चालू आहे त्यांना ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, रिस्टार्टला निळी स्क्रीन येते, तिथे एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्यायचा. लोक ती निळी स्क्रीन बघून घाबरतात आणि कंटिन्यू बूट दाबून पुढे जातात, मग ड्रायव्हर टाकलेला असूनही लोड होत नाही.

आणि खरं सांगू का, तुझ्या जागी मी असतो तर ते कार्डच काढून ठेवलं असतं. थर्ड जनरेशन आय थ्री मधे इंटेलचे स्वतःचे ग्राफिक्स असतात आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलमधेच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. मदरबोर्डच्या मागे व्हीजीए किंवा एचडीएमआयचं पोर्ट असेल तर पीसी बंद कर, वायर काढ, कार्ड काढ, मॉनिटर त्या पोर्टला लाव आणि चालू कर. पायथन शिकायला, ब्राउझर चालवायला, मुक्त विद्यापीठाचे व्हिडिओ बघायला जीटी ७१० मुळे काही फरक पडत नाही. गेम खेळायचे असतील तरच वरची खटपट कर.

प्रश्न: नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका आहे. मुलाने जाताना त्याच्या जुन्या सीपीयूवर लिनक्स मिंट टाकून दिलं आणि माझा आधीचाच १८.५ इंची मॉनिटर जोडला. सगळं चालतं पण अक्षरं जाड आणि पसरलेली दिसतात, गोल काढला तर लंबगोल होतो. सेटिंगमधे १०२४ बाय ७६८ च्या वर पर्यायच नाही. मॉनिटर बदलावा लागेल का? शिवाय मराठी कसं टाइप करायचं तेही सांगा. (नाशिकरोडहून एक वाचक)

उत्तर: बाई, मॉनिटर अजिबात बदलू नका. तुम्ही लंबगोलाचं लिहिलंत त्यावरूनच बरंच कळलं, चौकोनी आकाराचं चित्र रुंद पडद्यावर ताणलं जातंय.

प्रत्येक मॉनिटरच्या आत एका छोट्या चिपमधे त्याची माहिती साठवलेली असते, तिला ईडीआयडी म्हणतात. मॉनिटर जोडला की कॉम्प्युटर केबलमधून ती माहिती वाचतो: कंपनी कुठली, पडदा केवढा, कुठली रिझोल्यूशन चालतात. ही माहिती मिळाली नाही तर लिनक्स अंदाजाने धोका घेत नाही, सगळीकडे चालेल असं १०२४ बाय ७६८ लावून गप्प बसतो. तुमच्याकडे नेमकं तेच दिसतंय. आणि माहिती न मिळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे केबल. व्हीजीए केबलच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ नंबरच्या पिना या कामासाठी असतात, स्वस्त केबलमधे त्या कधी जोडलेल्याच नसतात, कधी वाकून तुटलेल्या असतात. चित्राच्या पिना वेगळ्या असल्यामुळे चित्र येत राहतं आणि केबलवर कुणाला संशय येत नाही. मधे एचडीएमआय ते व्हीजीएचं कन्व्हर्टर लावलेलं असेल तर आधी संशय त्याच्यावर घ्या.

तर पहिलं काम, दुसरी केबल लावून बघा. शेजारून पाच मिनिटांसाठी मागून आणली तरी चालेल. विकतच घ्यायची झाली तर एमजी रोडला कॉम्प्युटरच्या दुकानात जुनी केबल बरोबर घेऊन जा, म्हणजे टोकं तशीच मिळतील. मॉनिटरला एचडीएमआय असेल तर व्हीजीए सोडूनच द्या. नवी केबल लावून रिस्टार्ट केलं की डिस्प्लेच्या सेटिंगमधे १३६६ बाय ७६८ आपोआप दिसायला पाहिजे.

केबल बदलूनही नाही दिसलं तर मुलाला फोनवर सांगा की टर्मिनलमधे सीव्हीटी कमांडने मोड तयार करून एक्सआरअँडआरने तो जोडायचा आहे. त्याला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: सीव्हीटी १३६६ मागितलं तरी १३६८ देतं, कारण ते रुंदी ८ ने भाग जाणारीच धरतं आणि १३६६ ला ८ ने भाग जात नाही. दोन पिक्सेलचा फरक डोळ्याला कळत नाही, ते चूक समजून परत परत करत बसू नये. आणि हे रिस्टार्टला पुसलं जातं, म्हणून त्या ओळी स्टार्टअप ॲप्लिकेशन्समधे टाकायच्या.

मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमधे लेआउटमधे जाऊन प्लस दाबा आणि मराठी शोधा. एक कागप फोनेटिक आहे, एक इनस्क्रिप्ट आहे. तुम्ही आधी इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहीत असाल तर फोनेटिक सोपं जाईल. पण रोज पानंच्या पानं लिहिणार असाल तर मी मनापासून इनस्क्रिप्ट शिका म्हणेन, बहुतेक भारतीय लिप्यांसाठी तोच कीबोर्ड आहे, मोबाईलमधेही मिळतो, आणि एकदा बोटं बसली की कीबोर्डकडे बघावं लागत नाही.

प्रश्न: मिंट टाकलं, स्क्रीन काळी येत होती म्हणून एका व्हिडिओत बघून ग्रबची फाइल बदलली आणि स्क्रीन आली. पण आता वरती मेसेज येतो की सॉफ्टवेअर रेंडरिंग मोडमधे चालू आहे, पंखा सारखा फिरतो, यूट्यूब अडकतं. लॅपटॉप कमजोर आहे का? (पिंपळगाव बसवंतहून एक द्राक्ष बागायतदार)

उत्तर: नाही भाऊ, लॅपटॉप ठीक आहे. तुम्ही व्हिडिओ बघून नोमोडसेट कायमचं लिहून टाकलंय. वर त्या विद्यार्थ्याला सांगितलं तसं ते आत शिरण्यापुरतं असतं. ते असेपर्यंत ग्राफिक्सचा ड्रायव्हर कामच करत नाही, प्रत्येक खिडकी, प्रत्येक व्हिडिओ सगळं प्रोसेसरलाच रंगवावं लागतं, म्हणून पंखा फिरतोय. खात्री करायची तर मेनूतून सिस्टिम रिपोर्ट्स किंवा सिस्टिम इन्फर्मेशन, तुमच्याकडे जे असेल ते उघडा, तिथल्या माहितीत ग्राफिक्सच्या खाली एलएलव्हीएमपाइप असं दिसेल, म्हणजे प्रोसेसरच चित्रं काढतोय. आधी ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर टाका, इंटेल किंवा एएमडीचं ग्राफिक्स असेल तर तिथे काही दिसणार नाही, त्यांचे ड्रायव्हर आतच असतात, तेव्हा सिस्टिम अपडेट करून घ्या. मग तीच ग्रबची फाइल उघडून फक्त नोमोडसेट हा शब्द काढा, बाकी ओळ आणि तिच्याभोवतीची अवतरणचिन्हं जशीच्या तशी ठेवा, सेव्ह करा, आणि टर्मिनलमधे सुडो अपडेट-ग्रब (sudo update-grub) चालवा. हे चालवलं नाही तर फाइलमधल्या बदलाचा काही उपयोग होत नाही, बरेच जण इथेच राहतात. रिस्टार्टनंतर परत काळी आली तर ग्रबमधे ई दाबून तात्पुरतं घालून आत या आणि लॅपटॉपचं मॉडेल कळवा.

प्रश्न: इन्स्टॉल करायच्या आधीच कळेल का की माझ्या लॅपटॉपवर डिस्प्ले नीट चालेल की नाही? (सातपूर एमआयडीसीत नोकरी करणारा वाचक)

उत्तर: बऱ्याच अंशी कळतं. पेनड्राइव्हवरून मिंट चालू केलं की इन्स्टॉल न करताच तासभर वापरा. ब्राइटनेस कमीजास्त होतोय का, लॅपटॉप मिटून उघडला तर स्क्रीन परत येतेय का, टीव्ही किंवा दुसरा मॉनिटर लावल्यावर ओळखतोय का, व्हिडिओ सरळ चालतोय का, एवढं बघा. मिटून उघडल्यावर स्क्रीन न येणं हा त्रास इन्स्टॉल केल्यावरही राहण्याची शक्यता जास्त, तो आत्ताच दिसलेला बरा. मिंटची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाइल, डाउनलोड झाल्यावर तिचा शा २५६ चा आकडा (फाइल जशीच्या तशी उतरली का ते तपासायची खूण) साइटवरच्या आकड्याशी जुळवून घ्या, अर्धवट उतरलेल्या फाइलमुळेही चित्रविचित्र त्रास होतात. आणि त्या लॅपटॉपमधे घरचे फोटो, बँकेचे कागद काही असेल तर इन्स्टॉलचं बटन दाबायच्या आधी ते बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा, आणि त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.