मिस्टरांना उचलताना माझीच कंबर गेली, काय करू?

प्रश्न: ताई नमस्कार. माझ्या मिस्टरांना आठ महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली. आता बोलणं बरंच सुधारलंय, कळतं सगळं, धरून उभेही राहतात पण उजवा गुडघा मधेच लचकतो. मी ६१ वर्षांची, वजन ५० किलो, ते ७२. दिवाणावरून खुर्चीत घेताना ते माझ्या गळ्यात हात टाकतात आणि मी त्यांच्या काखेत हात घालून उचलते. मागच्या आठवड्यात दिवाण आणि खुर्चीच्या मधेच दोघं खाली आलो. लागलं नाही, पण शेजारच्यांना हाक मारावी लागली आणि ह्यांच्या डोळ्यात पाणी आलं. तेव्हापासून माझी कंबर धरलीय. मुलगा बंगळुरूला असतो, तो म्हणतो माणूस ठेव, पण ह्यांना परक्याचा हात लागलेला नको असतो. (मिरजहून एक वाचक)

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून आधी माझ्या सासूबाईंचं आजारपण आठवलं, तेव्हा मीही अशीच काखेत हात घालून उचलायचे आणि मला कुणी सांगितलंच नव्हतं की हे चुकतंय. म्हणून स्पष्ट सांगते, उद्यापासून त्यांना उचलणं बंद करा. पेशंट हलवायच्या कामात अगदी सगळं अनुकूल असलं तरी एका माणसाने साधारण १६ किलोपेक्षा जास्त भार घेऊ नये असा अमेरिकेतल्या नायॉश ह्या, कामाच्या ठिकाणची सुरक्षितता बघणाऱ्या संस्थेचा हिशेब आहे, आणि तुम्ही ७२ किलो उचलताय! त्यांचा डावा पाय चांगला आहे ना, मग उठायचं त्यांनी, तुम्ही फक्त दिशा द्यायची आणि उजवा गुडघा सांभाळायचा.

गळ्यात हात तर अजिबात नको. त्यांचा तोल गेला की सगळं वजन तुमच्या मानेवर येतं आणि तुम्हीही खाली जाता, तेच झालं ना तुमचं. आणि त्यांचा उजवा हात धरून किंवा त्या काखेतून कधीच ओढू नका, लुळ्या बाजूचा खांदा सैल झालेला असतो, तो सांध्यातून खाली सरकतो आणि मग महिनोन् महिने दुखत राहतो. तो हात त्यांच्या मांडीवर ठेवून द्या.

आधी दिवाणाचं बघा. आपले दिवाण बहुतेक बुटके असतात, त्यावरून उठताना धडधाकट माणसालाही जोर लावावा लागतो. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि ढुंगण गुडघ्यापेक्षा थोडं वर हवं. सुताराकडून पायांखाली ठोकळे करून घ्या, पण वरून खळगा पाडलेले, म्हणजे दिवाणाचा पाय त्यातून निसटणार नाही. दिवाण भिंतीला लावलेला असेल तर ते डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूने उतरू शकतील असा फिरवून घ्या. प्लॅस्टिकची खुर्ची नको, ती मागे सरकते. हात असलेली जड लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून, नाहीतर व्हीलचेअर दोन्ही ब्रेक लावून आणि पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करून. ती त्यांच्या डाव्या हाताला, दिवाणाला जवळजवळ चिकटून, जरा तिरकी ठेवा. चटई, पायपुसणं उचला, पायात मोजे नकोत, घसरतात. आणि तुमचा पदर खोचा, नाहीतर त्यांच्याच पायाखाली येतो.

सर्जिकल दुकानात ट्रान्सफर बेल्ट मिळतो, म्हणजे पेशंटच्या कमरेला बांधून धरायचा पट्टा, तो घ्याच. पायजम्याची नाडी धरून उचलायची सवय खूप जणांना असते, ती फाटते किंवा सुटते, ओढणी बांधली तर काचते.

आता उठवताना. डाव्या कुशीवर वळवा, पाय कडेवरून खाली सोडा, पाय खाली जाताना ते डाव्या कोपराने रेटा देतात आणि उठून बसतात. बसल्यावर लगेच उभं करू नका, एकदोन मिनिटं जाऊ द्या, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. गरगरत असेल तर परत आडवं करा. मग कडेपर्यंत पुढे सरकवा, तळपाय गुडघ्यांच्या जरा मागे घ्या. आपण पाटावरून उठताना आधी पुढे झुकतो बघा, तसंच त्यांना झुकायला सांगा, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत. इथेच सगळे चुकतात, समोरचा माणूस इतका चिकटून उभा असतो की पेशंटला वाकायला जागाच राहत नाही, आणि मग उचलावंच लागतं.

तुमचा एक पाय पुढे, एक मागे, पाठ सरळ, गुडघे जरा वाकलेले. तुमचा गुडघा त्यांच्या उजव्या गुडघ्याला समोरून टेकवून ठेवा, तो लचकायला लागला की तिथेच अडतो. दोन्ही हात बेल्टवर. एक, दोन, तीन म्हणा, तीनला ते डाव्या हाताने गादी दाबून उठतील. कधी उठायचं ते दोघांचं आधी ठरलेलं असू द्या. उभे राहिले की क्षणभर थांबा, मग छोटी छोटी पावलं टाकत दोघं मिळून वळा, कंबरेतून पिळू नका. खुर्ची पोटऱ्यांना लागली की डाव्या हाताने खुर्चीचा हात धरायला सांगा आणि सावकाश बसू द्या.

तरी ते खाली जायला लागलेच तर अडवून धरायचा हट्ट करू नका, तुमच्या मांडीवरून हळूच जमिनीवर बसवा, डोकं सांभाळा. नंतर एकटीने उचलायचं नाही, उशी द्या आणि कुणालातरी बोलवा. डोक्याला लागलं असेल आणि रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर वरून काही दिसत नसलं तरी दवाखान्यात न्या, १०८ ला फोन करा.

हे सगळं पत्र वाचून एकटीने पहिल्यांदा करू नका. फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलवा, त्यांच्यासमोर तुम्ही करून दाखवा. माणूस ठेवण्याबद्दल मिस्टरांशी बोला, पण कंबरेचं कारण नीट सांगा, ती गेली तर दोघांचंही अडेल. तुमच्या पायात मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल तर आधी स्वतः डॉक्टरांना दाखवा. आणि त्यांचा डावा पायही भार घेईनासा झाला तर ही पद्धत बंद, मग दोन माणसं किंवा हॉइस्ट, म्हणजे पेशंटला झोळीत उचलायचं यंत्र हवं.

प्रश्न: माझ्या मिसेसना पार्किन्सन्स आहे. बाथरूमच्या दारात पाय जमिनीला चिकटल्यासारखी थांबते, मी हात धरून ओढलं की पडायला होते. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: काका, ओढू नका, पाय तिथेच राहतात आणि अंग पुढे जातं. थांबू द्या, वजन डावीकडे उजवीकडे झुलवायला सांगा आणि मग मोठं पाऊल. दाराजवळच्या फरशीवर रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या लावा, पट्टी ओलांडायची म्हटलं की बऱ्याच जणांचा पाय उचलतो. कमोडकडे जागच्या जागी गर्रकन वळवू नका, मोठा वळसा घेऊन न्या. आणि आंघोळ गोळीचा असर चांगला असतो त्या वेळेला ठेवा, ती वेळ चारपाच दिवस वहीत लिहून बघितलीत की तुमच्या लक्षात येईल.