गॉथिक शब्दाचे इतके अर्थ कसे?

प्रश्न असा आहे: प्रशस्तिपत्रकासाठी जुन्या वळणाची इंग्रजी अक्षरं हवी होती, म्हणून यादीतून 'सेंच्युरी गॉथिक' हा फॉन्ट घेतला, तर साधी, गोलसर अक्षरं उमटली. मग व्हीटी स्टेशन गॉथिक, भुताच्या वाड्याची कादंबरी गॉथिक आणि हा फॉन्टही गॉथिक, हे कसं?

मी अनेक वर्षं अक्षरजुळणी करतो. हा गोंधळ फार जणांचा होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

गॉथ हे मुळात माणसांचं नाव. या जर्मानिक टोळ्यांपैकी अलारिकच्या लोकांनी ४१० साली रोम लुटलं, आणि तेच कायमचं लक्षात राहिलं. पण चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने याच लोकांसाठी लिपी घडवली आणि बायबल त्यांच्या भाषेत आणलं. त्याची सहाव्या शतकातली एक प्रत स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात आहे. जांभळ्या रंगवलेल्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईतली अक्षरं! ज्यांना शतकानुशतकं रानटी म्हटलं, त्यांची ही ठेव.

हिणवलं ते रेनेसाँच्या, म्हणजे प्रबोधनकाळाच्या, इटलीतल्या विद्वानांनी. त्यांच्या लेखी प्राचीन रोम हाच आदर्श, मधलं सगळं टाकाऊ. कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने १५५० साली टोकदार कमानींचं बांधकाम गॉथांच्या माथी मारलं. खरं तर ही शैली पॅरिसजवळच्या सेंट डेनिसच्या मठात ११४० च्या दशकात आकाराला आली, तोवर गॉथांचं शेवटचं राज्य बुडून चारशे वर्षं उलटली होती. म्हणजे नाव शिवी म्हणूनच चिकटलं.

आणि शिवी किती चुकीची! टोकदार कमान भार बाजूला कमी रेटते, खाली जास्त उतरवते. छताच्या दगडी फासळ्या तो भार खांबांवर आणतात, उरलेला रेटा बाहेरचे कमानदार टेकू झेलतात. भिंतीवरचं ओझं गेलं आणि तिथे रंगीत काचा बसल्या. आज अंधाराशी जोडली जाणारी ही शैली उजेड आत घेण्यासाठी घडली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्या काळच्या हस्ताक्षरालाही हेच नाव पडलं. गुटेनबर्गचं १४५५ च्या सुमाराचं बायबल त्याच वळणात छापलेलं आहे. 'मिनिमम' हा शब्द या अक्षरांत रोमन लिपीत लिहून पाहा: एकसारखे पंधरा उभे दांडे, कुठलं अक्षर कुठे संपतं ते कळत नाही. पण पान लांबून पाहिलं की विणलेल्या कापडासारखं दिसतं.

कादंबरीचं थोडक्यात सांगतो. होरेस वॉलपोलने १७६४ ला एका जुन्या किल्ल्यातली भयकथा लिहिली आणि दुसऱ्या आवृत्तीत तिला 'गॉथिक कथा' म्हटलं. त्याला म्हणायचं होतं मध्ययुगीन, पण वाचकांच्या मनात शब्दाला भीती चिकटली. 'गॉथ' म्हणून ओळखले जाणारे काळे कपडे आणि १९७० च्या दशकाअखेरचं संगीत त्याच वाटेने आलं.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी बांधकामाची ती शैली पुन्हा उचलली. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या आराखड्यावर व्हीटीचं काम १८७८ ला सुरू झालं. तिथे कधी लोकल सोडून द्या आणि दगडातले मोर, प्राणी, पानं बघत उभे राहा. त्या कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे हात आहेत.

आता तुमचा फॉन्ट. त्याच शतकात अमेरिकेतल्या टाइप फाउंड्रींनी टोकांना आडव्या रेघा नसलेल्या साध्या अक्षरांना 'गॉथिक' म्हणायला सुरुवात केली. १९०२ चा 'फ्रँकलिन गॉथिक' त्यातलाच, 'सेंच्युरी गॉथिक'चं नावही त्याच प्रथेतलं. जपानीतही साध्या वळणाला गॉथिकच म्हणतात. तुम्हाला हवी ती अक्षरं 'ब्लॅकलेटर' किंवा 'ओल्ड इंग्लिश' या नावाने शोधा. आणि एक कराच: सत्कारमूर्तीचं नाव सगळं कॅपिटलमध्ये लावू नका. या वळणाची मोठी अक्षरं फक्त शब्दाच्या सुरुवातीसाठी घडवलेली आहेत, सलग लावली तर ज्याचं नाव आहे त्यालाच ते वाचता येत नाही.