हेलबॉय वाचायचाय? सुरुवात ‘द कॉर्प्स’पासून कर

अरे, हेलबॉय म्हणजे नरकात जन्मलेला, पण माणसांच्या बाजूने लढणारा कॉमिक्सचा नायक. त्याच्या पहिल्या खंडाचा हट्ट सोड. 1994 चा ‘सीड ऑफ डिस्ट्रक्शन’ वाईट नाही, पण त्यातलं लेखन जॉन बर्नचं. हेलबॉयचा निर्माता आणि चित्रकार माइक मिन्योलाला स्वतःचा सूर तेव्हा सापडायचा होता. पानं शब्दांनी गच्च.

त्यापेक्षा ‘द कॉर्प्स’ घे. आयर्लंडच्या लोककथेवर बेतलेली छोटी गोष्ट. पळवलेलं बाळ परत हवं, तर प्रेत पाठीवर घेऊन रात्रभर दफनभूमी शोधत फिरायचं. (आपल्याला विक्रम-वेताळ आठवणारच.) प्रेत पाठीवरून बडबडतंय, हेलबॉय कुरकुरतोय, पण काम टाकून जात नाही. हाच त्याचा स्वभाव.

मग दोन पानांची ‘पॅनकेक्स’. 1947 साल, छोटा हेलबॉय नको-नको म्हणत एक घास खातो आणि तिकडे नरकात रडारड: पोरगं हातचं गेलं!

कपाळावरचे गोल खुंट म्हणजे चष्मा नव्हे हं, तोडलेली शिंगं आहेत. जगबुडी आणण्यासाठी मिळालेला दगडी उजवा हात तो राक्षसांना ठोसे लगावायला वापरतो.

आणि फोनवर वाचू नकोस. मिन्योला अर्धं पान काळ्या शाईत बुडवतो. छोट्या स्क्रीनवर त्याचा नुसता चिखल होतो.